भर दुपारी आकाशात पांढरा ठिपका, न हलणारा

कोपरी, ठाणे. काल चार वाजता गच्चीवर पापड उलटत होते, तर जवळजवळ डोक्यावर एक पांढरा ठिपका. आवाज नाही, धूर नाही. वीस मिनिटं पाहिला, जागचा हलला नाही. मुलीलाही दिसला. नंतर मान खाली घातली आणि तो हरवलाच. काय असेल?

ऐरोलीहून: ताई, हवामान खात्याचा फुगा असेल. सांताक्रूझहून पहाटे आणि संध्याकाळी सोडतात.

वाशीहून: दादा, चार ही त्याची वेळ नव्हे, शिवाय तो वाऱ्याबरोबर वाहत जातो. ताई, मला तो शुक्र वाटतो. सध्या सूर्य मावळल्यावर पश्चिमेला ठळक चांदणी दिसते का? दिसत असेल तर तीच. शुक्र सूर्यापासून जास्तीत जास्त 47 अंश दूर जातो, निरभ्र दिवसा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. नजर हटली की पुन्हा सापडणं फार कठीण. टाकीच्या सावलीत, सूर्य आड ठेवून उभ्या राहा. ठिपका टाकीच्या कडेला लावा. 40 मिनिटांत हात लांब केल्यावर मुठीएवढा, साधारण 10 अंश, पश्चिमेकडे सरकला तर ग्रहच. दुर्बीण मात्र सूर्याच्या बाजूला नको, मुलीच्या हातात तर नकोच.

कोपरी: आज सात वाजता खिडकीतून पाहिलं, पश्चिमेला आहे चांदणी! उद्या टाकीपाशी बसते.