चंदू बोर्डे : ३५.५९ ची सरासरी आणि ‘भरवशाचा फलंदाज’ ही ख्याती

सदाशिवपेठी (प्रश्न)

गेल्या रविवारी आमच्या घरी एक वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही. माझे वडील ८१ वर्षांचे आहेत. चंदू बोर्डे खेळत असेपर्यंत वाड्यात कोणी रेडिओ बंद करत नसे, आणि ते बाद झाले की अर्धे लोक उठून कामाला लागत, असे ते नेहमी सांगतात. माझा पुतण्या महाविद्यालयाच्या संघात सलामीला खेळतो. त्याने जेवता जेवता मोबाइलवर आकडे काढले : ५५ कसोटी, ९७ डाव, ३०६१ धावा, ५ शतके, सरासरी ३५.५९. वर म्हणाला, “आजोबा, ही सरासरी असलेला फलंदाज आज संघात फार दिवस टिकणार नाही.” वडील काही बोलले नाहीत. त्यांनी ताट बाजूला सारले आणि ते गॅलरीत जाऊन बसले.

वडिलांचे म्हणणे हा निव्वळ पुणेकराचा पुणेकराविषयीचा अभिमान आहे, की आकड्यांत न दिसणारे काही त्या फलंदाजीत होते? पुतण्याला पटेल असे कोणी सांगू शकेल का? भावनिक उत्तर त्याला चालणार नाही.

कसबा_गणपती

पुतण्याने आकडा बरोबर काढला आहे, परंतु तो कोणाशेजारी ठेवून पाहायचा हे त्याने ठरवलेले दिसत नाही. त्याच काळातील पतौडींची सरासरी ३४.९१ आहे, विजय मांजरेकरांची ३९.१२ आणि पॉली उम्रीगरांची ४२.२२. म्हणजे उम्रीगर आणि मांजरेकर पुढे आहेत हे मान्य करावे लागेल, पण बोर्डे त्यांच्या मागोमागच उभे आहेत, आणि तेही लेगस्पिन टाकून ५२ बळी घेतल्यानंतर. खांद्याच्या दुखापतीमुळे साठच्या दशकाच्या मध्यावर त्यांची गोलंदाजी जवळजवळ सुटली. एखादा खेळाडू तिथेच संपला असता. बोर्डे यांची पाचांपैकी तीन शतके त्यानंतरची आहेत : न्यूझीलंडविरुद्ध मुंबईत १०९, आणि १९६६-६७ च्या मोसमात वेस्ट इंडीजविरुद्ध मुंबईत १२१ व मद्रासला १२५.

तरीही माझ्या मते त्यांची ओळख पटवायची असेल तर फेब्रुवारी १९५९ मधील दिल्ली कसोटी समोर ठेवावी. वेस्ट इंडीजविरुद्धच्या त्या मालिकेत पाच सामन्यांत भारताला चार कर्णधार झाले. उम्रीगर, गुलाम अहमद, विनू मांकड आणि शेवटी पुण्यात जन्मलेले हेमू अधिकारी. संघाची अवस्था याहून वेगळ्या शब्दांत सांगण्याची गरज नाही. समोर वेस्ली हॉल आणि रॉय गिलख्रिस्ट हे वेगवान गोलंदाज, डोक्यावर हेल्मेट नाही, कारण ती वस्तूच तेव्हा मैदानावर आलेली नव्हती. पदार्पणाच्याच मालिकेत बोर्डे यांनी पहिल्या डावात १०९ धावा केल्या. वेस्ट इंडीजने ८ बाद ६४४ वर डाव सोडला, त्यामुळे डावाचा पराभव टाळण्यासाठीच २२९ धावा हव्या होत्या. मांजरेकर जखमी असल्यामुळे फलंदाजीला येऊ शकत नव्हते. अशा वेळी बोर्डे ९६ पर्यंत पोहोचले आणि स्वयंचित झाले, म्हणजे स्वतःच्याच यष्टींना धक्का लागून बाद झाले. सामना मात्र अनिर्णित राहिला.

त्या चार धावा झाल्या असत्या तर एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते विजय हजारे यांच्यानंतरचे दुसरे भारतीय ठरले असते. ज्या हजाऱ्यांच्या सहवासात ते बडोद्याच्या संघात घडले, त्यांच्याच पंक्तीला! तो मान पुढे १९७१ मध्ये गावसकरांना मिळाला. पुतण्या सलामीला खेळतो म्हणता, तेव्हा उसळलेल्या चेंडूसाठी मागचा पाय किती खोल न्यावा लागतो आणि यष्टी किती जवळ असतात, हे त्याला सांगायला नको.

लेगब्रेक_गुगली

वरील प्रतिसाद चांगला आहे, पण एकांगी आहे. बोर्डे यांची पाचही शतके भारतातील आहेत, ही गोष्ट पुतण्याच्या नजरेतून सुटली असली तरी आपण लपवू नये. १९६२ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात आपण पाचही कसोटी हरलो, १९६७ मध्ये इंग्लंडमध्ये तिन्ही, आणि त्या हिवाळ्यात ऑस्ट्रेलियात चारही. त्यांपैकी ॲडलेडला पतौडी जखमी असल्यामुळे बोर्डे कर्णधार होते. तेवढी एकच कसोटी त्यांच्या वाट्याला आली. किंग्स्टनच्या ९३ सारखी खेळी आहे, पण परदेशात एकही शतक नाही. ज्याला आपण भरवशाचा म्हणतो त्याच्याकडून परदेशातही अपेक्षा ठेवणे गैर नाही.

एक मात्र कबूल करतो. तेव्हाच्या आपल्या फलंदाजीत ‘भरवशाच्या म्हशीला टोणगा’ हा प्रकार इतका नित्याचा होता, की जो माणूस ९७ डावांत २३ वेळा पन्नाशी ओलांडतो त्याच्याविषयी लोकांना आदर वाटणे स्वाभाविक होते. पाकिस्तानविरुद्ध मद्रासचे नाबाद १७७, किंवा १९६१-६२ मध्ये कलकत्त्याला इंग्लंडविरुद्ध ६८ आणि ६१, शिवाय पहिल्या डावात चार बळी. इंग्लंडविरुद्धचा आपला पहिला मालिकाविजय त्याच मोसमातला.

जुना_शनिवारकर

शतकांचा हिशेब झाला, आता तीस धावांचे सांगतो.

१५ ऑक्टोबर १९६४. दसरा होता आणि मी आठवीत होतो. १९६१ च्या पुरात आमचा रेडिओ वाहून गेला होता आणि वडिलांनी दुसरा घेतला नव्हता, म्हणून आम्ही शेजारच्या काकांच्या मर्फीसमोर बसलो होतो. मुंबईच्या ब्रेबॉर्न मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध २५४ धावा करायच्या होत्या. ६ बाद १२२ झाल्यावर काकांनी आवाज कमी केला. मग पतौडी आणि मांजरेकरांनी ९३ धावा जोडल्या, आवाज पुन्हा वाढला. २१५ वर मांजरेकर गेले, २२४ वर पतौडी. अजून तीस धावा हव्या होत्या, आणि हातात यष्टिरक्षक इंद्रजितसिंहजी आणि गोलंदाज चंद्रशेखर. चंद्रशेखर यांच्या फलंदाजीविषयी काय बोलावे!

आता पुतण्याला एवढेच विचारा, की त्या दिवशी बोर्डे कितव्या क्रमांकावर आले. नवव्या! आधल्या संध्याकाळी खालच्या फळीतील खेळाडूंना वर पाठवून बोर्डे यांना राखून ठेवले होते. ज्याच्यावर शेवटची मदार ठेवायची त्यालाच कर्णधार असा मागे ठेवतो. सोने द्यायला आलेली मंडळी आपट्याची पाने हातात धरून उंबऱ्यातच थांबली होती. कोणी आत येईना, कोणी परतही जाईना. भारताने ८ बाद २५६ केल्या. बोर्डे नाबाद ३०, इंद्रजितसिंहजी नाबाद ३. काकांनी त्यानंतर पहिले सोने आम्हा मुलांना दिले, मोठ्यांना नंतर.

आजारी नॉर्म ओ’नील यांनी त्या सामन्यात फलंदाजी केली नाही, त्यामुळे ऑस्ट्रेलियाला एक माणूस कमी पडला, हे खरे आहे. कोणी काढण्याआधी मीच सांगून टाकतो. आणि त्या तीस धावांमुळे सरासरीत किती फरक पडला असेल ते पुतण्याने खुशाल मोजावे.

सदाशिवपेठी

सर्वांचे आभार. तिन्ही उत्तरे पुतण्याला वाचायला दिली. दिल्लीच्या सामन्यावर तो ‘खेळी मोठी आहे’ एवढेच म्हणाला. परदेशातील शतकांचा मुद्दा मात्र त्याला फारच आवडला. पण मुंबईचा धावफलक त्याने स्वतः शोधून काढला आणि बराच वेळ पाहत राहिला, कारण गेल्याच महिन्यात त्याच्या संघाला शेवटच्या जोडीवर अकरा धावा हव्या होत्या आणि त्या झाल्या नाहीत. काल संध्याकाळी तो वडिलांजवळ गॅलरीत जाऊन बसला आणि समोर इंद्रजितसिंहजी असताना बोर्डे एकेरी धाव घेत होते की नाकारत होते, असे विचारू लागला. वडिलांना ते आठवले नाही, पण तासभर त्यांचे बोलणे चालले होते.

शनिवारकर, आपल्याला आठवत असेल तर कृपया लिहावे.

जुना_शनिवारकर

सांगितले असते, परंतु त्या अर्ध्या तासात काकांनी आम्हा मुलांना दोनदा पाणी आणायला पाठवले होते.