मदत हवी आहे: 'मेड ऑफ ऑनर'ला मराठीत काय म्हणू?

नमस्कार मंडळी. एक ऐतिहासिक प्रेमकथा लिहितेय. १८४८ चा नाताळ, विंडसरचा राजवाडा. त्याच वर्षी व्हिक्टोरिया राणी, तिचा नवरा अल्बर्ट आणि मुलं ख्रिसमस ट्रीभोवती उभी असलेलं चित्र 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मध्ये छापून आलं आणि इंग्लंडात ट्रीची हौस वाढली. (विंडसरला १८०० सालीच व्हिक्टोरियाच्या आजीने, शार्लट राणीने, झाड सजवलं होतं, पण श्रेय मिळालं अल्बर्टला!)

घोडं अडलंय नायिकेपाशी. ती 'मेड ऑफ ऑनर', म्हणजे राणीच्या दिमतीला असलेली खानदानी, अविवाहित मुलगी. 'दासी' म्हटलं की ती भांडी घासायला लागते, 'सखी' म्हटलं की थेट संगीत नाटकात शिरते. 'मानकरीण' कसं वाटतं? आणि ती राणीला 'मॅम' म्हणते, तिथे 'राणीसरकार' लिहिलं तर वाचणाऱ्याला विंडसर दिसेल की सातारा?

२४ डिसेंबरच्या संध्याकाळी तिथे भेटवस्तू मेजांवर मांडत. फांद्यांवर मेणबत्त्या पेटलेल्या, आणि आपल्या भेटीखाली तिला नायकाची चिठ्ठी सापडते. नेमका हाच प्रसंग दोन आठवडे या शब्दांपायी रखडलाय. कुणी सुचवाल का?