मदत हवी आहे: माकडं खिडकी उघडून आत येतात

शिवणेकर:
लवकर सांगा प्लीज. क्वार्टरच्या स्वयंपाकघराची सरकती खिडकी माकडं बाहेरून उघडतात. काल बायको पोळ्या करत होती. एक आत आलं, परातीतली कणीक उचलली आणि ओट्यावरच खात बसलं. ती लाटणं उगारून ओरडली, तर तिच्याकडे बघून जांभई दिली! मी दिवसभर पॉलिहाऊसवर, मुलगा दीड वर्षाचा. कायमचा उपाय हवा. फटाके मिळत नाहीत, आधीच सांगतो.

नाना_देवगडकर:
काळ्या तोंडाचे वानर की लाल तोंडाची केलडी? आमच्या कलमांचा मोहोरसुद्धा ठेवत नाहीत मेले. राखणीला माणूस ठेवा, हातात गलोल द्या.

मधली_आळी:
गलोल कसली मारता नाना? शनिवारी गच्चीत फुटाणे ठेवा, घरात येणार नाहीत.

नाना_देवगडकर:
तुमचे फुटाणे खाऊनच आमच्या बागेत येतात ते.

झाडपाला:
गाव कुठलं? शेपटी कशी? फोटो टाका.

शिवणेकर:
फोन वर करेपर्यंत पसार होतात. तोंड कुत्र्यासारखं लांब, केस हिरवट-राखाडी, बुडाला काळे घट्टे. शेपटी आधी वर जाते आणि मोडल्यासारखी खाली लोंबते. गेटवरचा आस्कारी (पहारेकरी) म्हणतो, न्यानी आहेत, रोजचंच आहे.

झाडपाला:
आस्कारी? न्यानी? अहो, केनियात आहात का?

शिवणेकर:
हो, नैवाशा. प्रोफाइलमध्ये आहे की.

झाडपाला:
प्रोफाइल कोण बघतं! मग न्यानी म्हणजे आपल्याकडचं माकड नाही, बबून. बबूनच्या 6 जाती, त्यातला हा ऑलिव्ह. पश्चिमेला मालीपासून इकडे केनिया, टांझानियापर्यंत असतो. नर 25 किलोच्या आसपास, मादी बरीच लहान. आणि ती जांभई नव्हती, सुळे दाखवले त्याने. धमकी होती ती. वहिनींना सांगा, लाटणं उगारून पुढे जायचं नाही, डोळ्याला डोळा द्यायचा नाही आणि त्याची बाहेर जायची वाट अडवायची नाही.

नैरोबीची_ताई:
ऑलिव्हच कशावरून? अंबोसेलीला आम्ही पाहिले ते पिवळट, सडपातळ होते, पोट पांढरं.

झाडपाला:
ते यलो बबून, ताई. त्यांच्या शेपटीला अशी मोड नसते, सरळ कमान असते. अंबोसेलीत दोन्हींचा संकरही होतो.

जेद्दावासी:
तायफच्या घाटात आमच्या गाडीच्या बॉनेटवर बसला होता एक. खांद्यावर चंदेरी आयाळ, चेहरा गुलाबी. हमाद्र्यास म्हणतात. आफ्रिकेबाहेर, म्हणजे इथे सौदीत आणि येमेनमध्ये, बबूनची ही एकच जात. आम्ही खुब्ज (इथली रोटी) दिला, छान खाल्ला.

नैरोबीची_ताई:
तुम्ही खुब्ज देता म्हणून ते बॉनेटवर बसतात!

नाना_देवगडकर:
म्हणजे आपला वानरच, फक्त आडदांड.

झाडपाला:
नाही नाना. तुमच्या केलडीचा जवळचा नातेवाईक. दोघांच्याही गालात पिशव्या असतात, घास कोंबून पळतात. वानराला त्या नसतात.

सुगरण_कंपाला:
शिवणेकर, तिकडे पोळ्यांना आटा कुठला घेता? इथल्या पिठाच्या वातड होतात.

शिवणेकर:
ताई, कणीक बबूनने नेली, त्यालाच विचारा. पकडून लांब सोडता येतील का?

झाडपाला:
तुमच्या शेजारीच गिलगिलला हे झालंय. तिथले 3 कळप शेतात घुसायला लागले, तेव्हा त्यांचा अभ्यास करणाऱ्या शर्ली स्ट्रम यांनी 1984 मध्ये ते उचलून लायकिपियाला नेले. ते तुमचं-आमचं काम नव्हे, वाइल्डलाइफ सर्व्हिसला कळवा.

नैरोबीची_ताई:
तोवर खिडकीला गज घाला, जाळी उचकटतात. कचऱ्याचा डबा आत घ्या. बाळाच्या हातात केळं देऊन अंगणात सोडू नका. आणि एकट्या बाईला ते भीत नाहीत, हा माझा 11 वर्षांचा अनुभव.

शिवणेकर:
गज उद्या बसवतोय. डबा कालच आत घेतला. आज सकाळी तो मोठा नर डब्याच्या जागी येऊन बसला, सिमेंटवरचा गोल डाग हाताने चाचपून बघितला, मग खिडकीकडे वळला. बायको म्हणते, पुण्याचं तिकीट काढा.

सुगरण_कंपाला:
आटा सांगायचा राहिला.