‘वय झाल्यावर कॉलेजची हौस’ या पोस्टला उत्तर (जरा लांबलंय)

सातारकरीण:
परवा ‘निवृत्त मास्तर’ यांनी लिहिलं की चाळिशीत कॉलेजात नाव घालणाऱ्यांनी पोरांच्या जागा अडवू नयेत, मुक्त विद्यापीठाची डिग्री भिंतीवर टांगायला ठीक असते, आणि शेवटी एक हसरा चेहरा. त्या हसऱ्या चेहऱ्यापायी माझी आमटी करपली.

दहावीला 61 टक्के. अकरावी अर्ध्यात असताना लग्न. 37व्या वर्षी सतरा नंबरचा (बाहेरून परीक्षेला बसण्याचा) फॉर्म भरला, बारावी दिली. मुलगी तेव्हा नववीत, दोघी एकाच टेबलावर. मग नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचं बी.ए., आणि आता रेग्युलर कॉलेजात एम.ए. मराठी, दुसरं वर्ष. मास्तर, जागा कुणाची अडवली? वर्गात रोज आम्ही अकरा डोकी असतो. त्यातले चार स्पर्धा परीक्षेची पुस्तकं मांडीवर घेऊन बसतात.

पेपराची भीती नाही वाटली कधी. अडले ते कॉलेजच्या ऑफिसच्या खिडकीपाशी. खिडकी साडेदहा ते दोन, मी एका कारखान्याच्या कॅन्टीनचा हिशेब बघते, सुटते साडेपाचला. एका बोनाफाईडसाठी तीन रजा. त्यात दहावीची मार्कशीट माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचं. “बाई, या दोघी कोण?” असं भर रांगेत विचारलं.

निवृत्त मास्तर:
ताई, आमटीबद्दल दिलगीर. 31 वर्षं शिकवलं, त्यातली नऊ अभ्यासकेंद्रावर रविवारी. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद छान आहे, मुक्तची पुस्तकंही चांगली आहेत, कित्येक रेग्युलरची पोरं तीच वाचून पास होतात. पण संपर्क सत्राला चाळीसपैकी पाच यायचे आणि गृहपाठ एकाच्या वहीतून चाळीस वह्यांत जायचा. बढतीपुरता कागद हवा असतो लोकांना. तुम्ही अपवाद असाल, अपवादावरून धागे काढू नका.

लालबागचा:
कागद कागद काय लावलंय? माझे वडील गिरणीत. पाळी संपवून रात्रशाळेत जायचे, घामाच्या वासाने शेजारचा सरकून बसायचा. तिसऱ्या खेपेला एस.एस.सी. झाले. 1982 चा संप झाला, गिरणी गेली ती गेलीच. त्यांच्या खात्यातले बाकीचे भाजीच्या गाडीवर गेले, वडील त्या ‘कागदावर’ सरकारी कार्यालयात शिपाई लागले. आम्ही तिघं भावंडं त्या कागदावर जेवलो.

आकडेबाज:
गोष्टी पुरे. प्रौढ वयात नाव घालणाऱ्यांपैकी किती पूर्ण करतात आणि किती मध्येच सोडतात? कुणाकडे आकडा आहे का?

सातारकरीण:
आकडा नाही, सासू आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री हमखास त्यांच्या छातीत दुखतं. चार सत्रं, चार वेळा. तुम्हीच मोजा.

बिनपगारी प्राध्यापक:
सगळे विद्यार्थ्यांच्या जिद्दीवर बोलतायत. शिकवणारा कोण? मी. सेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा), पीएचडी, वय 39, तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास तेवढेच पैसे. उन्हाळ्यात पगार शून्य. एमपीएससीला खुल्या वर्गाचं वय 38, तेही गेलं. उशिरा शिकलेल्यांचं कौतुक करता, वेळेवर शिकलेल्यांचं काय झालं तेही बघा की.

सातारकरीण:
सर, तुमचं दुःख खरं आहे, पण त्याचा वेगळा धागा काढा. मी पहिली येते तिथे.

इतिहासाचा तास:
प्रौढ बायकांनी शिकायला बसणं हे काही मुक्त विद्यापीठाने 1989 साली शोधलेलं नाही. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन, विधवांसाठीची शाळा, 1889 चं. तिथे शिकलेल्या विधवा गोदूबाई पुढे अण्णासाहेब (महर्षी) कर्व्यांच्या पत्नी झाल्या. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनात मोठ्या बायका नर्सिंग, शिक्षकीचे वर्ग करायच्या. शंभर वर्षांपूर्वीही लोक हेच म्हणत होते, फक्त हसरा चेहरा लावायची सोय नव्हती.

निवृत्त मास्तर:
आता मला सनातनी ठरवा! माझी स्वतःची बायको लग्नानंतर बी.एड. झाली.

नगरची सून:
मास्तर, आणि त्या वर्षी घरी पोळ्या कोण करत होतं?

निवृत्त मास्तर:
आई.

नगरची सून:
हां.

ते नावाचं काय केलंत ताई? माझं गाडं तिथेच अडलंय. कुणी म्हणतं नावबदल राजपत्रात छापा, कुणी म्हणतं विवाह नोंदणीचा दाखला पुरे. वर शिक्षणातल्या 14 वर्षांच्या गॅपचं प्रतिज्ञापत्र. ‘या काळात मी काय केले’ असा रकाना आहे त्यात. दोन पोरं आणि एक सासरा, हे लिहू का?

ठाणेकर वकील:
आमच्या कोर्टासमोर टायपिस्ट सरळ ‘घरगुती अडचणीमुळे’ ठोकतात. आणि ऑक्टोबर 2024 पासून प्रतिज्ञापत्राला शंभरचा स्टॅम्प पुरत नाही, पाचशेचा घ्या.

लालबागचा:
चूक. शैक्षणिक कामाला स्टॅम्प माफ आहे. लोकांना लुटू नका.

ठाणेकर वकील:
माफी जात, उत्पन्न, रहिवास अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला आहे. गॅपचं प्रतिज्ञापत्र कॉलेज मागतं. आदेश वाचून बोला. आणि ‘लुटू’ हा शब्द मागे घ्या.

लालबागचा:
नाही घेत. माझ्या बहिणीने मागच्या वर्षी साध्या कागदावर दिलं, चाललं.

बिनपगारी प्राध्यापक:
आमच्याकडे स्टॅम्पशिवाय फाइल उघडतसुद्धा नाहीत.

नगरची सून:
म्हणजे खिडकीवरच्या बाईच्या मूडवर आहे तर.

आकडेबाज:
मूळ मुद्दा काय होता?

सातारकरीण:
हाच होता. एका नावाचे दोन कागद जुळवण्यात माझी फॉर्मची तारीख टळली आणि वर्ष गेलं. ते तुमच्या हिशेबात ‘मध्येच सोडलं’ मध्ये जाणार, अभ्यास झेपला नाही म्हणून. मुलीच्या वर्गातल्या पोरांची कागदपत्रं त्यांचे बाप रांगेत उभे राहून करतात. आमची कोण करणार? खिडकी आठवड्यातून दोन दिवस सातपर्यंत उघडी ठेवा, बाकी काही मागत नाही. माझं राजपत्रात छापून झालं, नगरच्या ताई, पण आधी विवाह नोंदणी दाखल्यावर प्रयत्न करा.

निवृत्त मास्तर:
युजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) 2022 मध्ये मुक्त आणि रेग्युलर पदवी समकक्ष असल्याचं स्पष्ट केलंय, हे मलाही ठाऊक आहे. मुलाखतीत भुवया वर जातात त्या जातातच. तरी ‘जागा अडवतात’ हे वाक्य मागे घेतो, वर्गात अकरा म्हणजे फारच झालं. बाकी पोस्ट तशीच राहील. आणि झेरॉक्स साक्षांकित करायला कुणाचे पाय धरू नका, बहुतेक ठिकाणी स्वतःची सही चालते.

सातारकरीण:
हसरा चेहराही काढा.

नगरची सून:
अहो, पण ते पाचशेच्या स्टॅम्पचं नक्की काय ठरलं? सोमवारी रजा टाकलीय.