ग्रीक कॉफीची कृती मराठीत लिहिताना : कोरी, साय, साका

प्रश्न : घरी ग्रीक कॉफी करायची कृती मराठीत लिहिते आहे. तिच्या लांब दांड्याच्या, गळ्याशी निमुळत्या भांड्याला ग्रीक लोक 'ब्रिकी' म्हणतात, वरच्या दाट फेसाला 'कायमाकी' आणि कपाच्या तळाशी बसतं त्याला 'कताकाथी'. यांना मराठी शब्द काय वापरावेत? आणि बिनसाखरेच्या 'स्केतो'ला 'कोरी कॉफी' म्हटलं तर चालेल?

प्रतिसाद १ : 'कोरी' नको. आपल्याकडे कोरा चहा म्हणजे बिनदुधाचा. ग्रीक कॉफीत दूध घालतच नाहीत, म्हणजे ती सगळीच कोरी झाली. सरळ 'बिनसाखरेची' लिहा. कपाला एक चमचा साखर घातली की 'मेत्रियो', दोन घातले की 'ग्लिको'. साखर पावडरीबरोबर आधीच भांड्यात पडते, त्यामुळे कोणाला कशी हवी ते करण्याआधी विचारावं लागतं. हे कृतीत जरूर लिहा.

'ब्रिकी' तशीच राहू द्या, स्त्रीलिंगी. मूळ अरबी 'इब्रीक', ग्रीकमध्ये आला तुर्कीतून.

कताकाथीला 'चोथा' म्हणू नका. चोथा गाळणीत उरतो, आणि ही कॉफी गाळत नाहीत. 'साका' अगदी नेमका आहे. 'दोन मिनिटं थांबा, साका खाली बसू द्या, मग प्या' हे वाक्य किती सहज येतं बघा! हा शब्द मागे पडत चाललाय, तो वापरात राहावा असं मनापासून वाटतं.

प्रतिसाद २ : साक्याला माझंही अनुमोदन. कायमाकीबद्दल थोडं. तुर्की 'कायमाक' म्हणजे साय, पण कॉफीच्या कृतीत 'साय' वाचून लोक दूध शोधतील. 'दाट फेस' बरा.

खरी गोम क्रियापदात आहे. 'उकळी आली की उतरवा' लिहिलंत तर कॉफी बिघडेल, कारण खळखळून उकळली की फेस मोडतो. कपाने मोजून गार पाणी, त्यात पिठासारखी बारीक दळलेली पावडर एक चमचा शिगोशीग. सुरुवातीलाच ढवळायचं, नंतर चमचा लावायचा नाही. आच मंद. फेस कडेने धरू लागतो, मध्याकडे सरकत मिटतो आणि गळ्यातून वर चढतो. त्याच क्षणी उतरवायची. यासाठी 'ऊत येताच उतरवा' असं लिहा. ऊत येणं वेगळं, उतू जाणं वेगळं.

प्रश्नकर्ती : 'ऊत' डोक्यातच आला नव्हता! आता एकच, हिला 'तुर्की कॉफी' म्हटलं तर चूक का?

प्रतिसाद १ : पद्धत तीच. ग्रीसमध्येही पूर्वी सर्रास 'तुर्कीकोस'च म्हणत. 1974 मध्ये तुर्कस्तानने सायप्रसमध्ये सैन्य घुसवलं, त्यानंतर 'एलिनिकोस', म्हणजे ग्रीक, हे नाव रूढ झालं. तुम्ही ग्रीक घरातली कृती लिहिताय, तर 'ग्रीक'च लिहा.