नैरोबीला दोन दिवस द्यावेत की थेट मारा गाठावं?

अरुंधती_क
आपल्याकडच्या केनिया सहलींचा साचा ठरलेला असतो: नैरोबीला उतरायचं, एक रात्र झोपायचं, सकाळी मसाई मारा अभयारण्याच्या वाटेला लागायचं. मला हे पटत नाही. १८९९ मध्ये रेल्वेचा तळ म्हणून वसलेल्या या शहरात किकुयू, लुओ, लुह्या, कांबा, सोमाली आणि पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले गुजराती-पंजाबी एकत्र नांदतात. ते नुसतं झोपण्यापुरतं वापरू नका.

दोन दिवस सहज भरतात. सकाळी सहाला नैरोबी नॅशनल पार्क: शहराच्या मध्यापासून जेमतेम सात किलोमीटर, आणि काळा गेंडा इथे मारापेक्षा सहज दिसतो. हत्ती मात्र इथे नाहीत. ते बघायला शेल्ड्रिकचं अनाथ पिल्लांचं केंद्र. अकरा ते बारा एवढाच तास, आगाऊ नोंदणी नसेल तर फाटकावरूनच परत. दुपारी नॅशनल म्युझियम. दुसरा दिवस बाजारांना.

भटक्या_नगर
सहमत नाही. सात दिवसांतले दोन शहराला दिले तर येण्याजाण्याचे दिवस वजा जाता मारात दोनच रात्री उरतात. विल्डबीस्टचे (गाईसारख्या दिसणाऱ्या आफ्रिकी हरणांचे) कळप मारा नदी कधी ओलांडतील याची वेळ कुणाच्या हातात नसते, काठावर थांबून राहावं लागतं. मुक्काम जितका मोठा तितकी शक्यता जास्त, एवढं साधं गणित आहे.

दुसरं, वाहतूक. विमानतळावरून शहरातल्या वेस्टलँड्स भागात संध्याकाळी जुन्या मोंबासा रोडने निघालात तर दीड तास कुठेच गेला नाही. वरच्या एक्स्प्रेसवेने काम लवकर होतं, पण टोल कोण भरणार हे गाडीत बसण्याआधी ठरवा. आणि नैरोबीत दुपारपर्यंत रेंगाळून मारा गाठू म्हणाल तर नाही जमत: माराचं सेकेनानी गेट सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरवर, नारोक गावामार्गे पाच-सहा तास, आणि बाराही महिने सात वाजायच्या आत सूर्यास्त.

सई_डोंबिवली
भटक्या, मुक्कामाचं गणित मान्य. पण अरुंधती, जनावरं मारात दिसणारच आहेत, मग नैरोबीतही सकाळ जनावरांनाच का? माणसं बघा ना!

बियाशारा स्ट्रीटवर कांगा घ्यायला जा. हे सुती कापड जोडीनेच विकतात, दोन तुकडे न कापता सलग. चारी बाजूंनी काठ, त्याला पिंडो म्हणतात. मधल्या नक्षीला म्जी. आणि खालच्या काठाच्या वर एक ओळ स्वाहिलीत छापलेली, बहुतेकदा म्हण किंवा टोमणा. ती ओळ दुकानदाराकडून समजून घेतल्याशिवाय कुणाला भेट देऊ नका, सासूला भलताच निरोप जायचा. जोडी मधोमध कापून कडा शिवून घ्यायच्या. रविवारी जाऊ नका, दुकानं बंद असतात.

भाषेचं म्हणाल तर दुका, गारी, पेसा, चाय, चपाती, बिमा हे शब्द ऐकून आपल्या माणसाला परकं वाटतच नाही. शाकाहारी मंडळींनी साध्या खानावळीत 'न्डेंगू' मागावं. ती मुगाची उसळच, सोबत चपाती.

शिवाय ईस्टलीला जा. सोमाली वस्ती: उंटाचं दूध, मसाल्याचा शाह (चहा), मजल्यांवर मजले कापडाचे.

मोरे_सर
ईस्टलीबद्दल एवढं सरसकट सांगू नका. नवख्याने ओळखीच्या स्थानिक माणसाबरोबरच जावं, दिवसाउजेडी. सोमाली बायकांचे फोटो न विचारता काढणं हे तिथल्या भांडणांचं पहिलं कारण. मटाटूत (तिथल्या खासगी मिनीबसमध्ये) खिडकीशी बसून फोन हातात धरू नका. गाडी सिग्नलला थांबली की बाहेरचा हात आत येतो. मटाटूचं भाडं पाऊस पडला की वाढतं, म्हणून चढण्याआधी कंडक्टरला विचारा.

आणि किबेरा या झोपडपट्टीतल्या 'वस्ती दर्शन' फेऱ्यांना माझा ठाम विरोध आहे. लोकांची घरं ही प्रेक्षणीय स्थळं नव्हेत.

वेळेचा घोळ कुणी सांगितला नाही. स्वाहिली घड्याळ सकाळी सहापासून मोजतात. ड्रायव्हर 'सा म्बिली' म्हणजे 'दोन वाजता' म्हणाला तर तो आठ म्हणतोय. आकडा इंग्रजीत वदवून घ्या.

भटक्या_नगर
सईचा बाजार मला पटतो. पण तो शेवटच्या दिवशी ठेवा, परतीचं विमान रात्रीचं असेल तेव्हा. नैरोबीतल्याच विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने माराला जाणार असाल तर तसंही पंधरा किलोचीच मऊ बॅग चालते. मोठी बॅग नैरोबीच्या हॉटेलात ठेवायची, मग परतताना शहर ओघाने येतंच.

अरुंधती_क
शेवटी ठेवायला हरकत नाही, पण एकच दिवस नको. पार्कची सकाळ मी सोडणार नाही: पुढ्यात जिराफ, मागे उंच इमारती, हे मारात मिळत नाही.

बॅग भरणाऱ्यांसाठी: केनियात प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१७ पासून बंदी आहे, तेव्हा खाकरे-चकल्या डब्यात भरा. पार्कमध्ये प्लास्टिकची पाण्याची बाटलीही चालत नाही, स्टीलची न्या. यलो फीवरची लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्या. तो दाखला परतताना मुंबईत मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.