केलॉइडच्या वणावर स्टेम सेल ट्रीटमेंट कुणी केलीय का? बजेट ४० हजार

मृणाल_चिंचवड
नमस्कार मंडळी, भाचीसाठी विचारतेय. वय २४. छातीवर मधोमध आणि डाव्या खांद्यावर पिंपल्सचे वण होते ते फुगून केलॉइड झालेत, लालसर आणि टणक, रात्री खाज येते आणि टोचल्यासारखं होतं. खांद्यावरचा एक मागे ऑपरेशन करून काढला होता तर तो आधीपेक्षा मोठा होऊन परत आला. इंजेक्शनंही घेतलीत मधे, अर्धवट सोडली. फेब्रुवारीत लग्न आहे. आता एका क्लिनिकने सांगितलंय की पोटाची चरबी काढून त्यातल्या स्टेम सेल वणात सोडू, तीन सिटिंग, १ लाख ८० हजार. आमचं बजेट जास्तीत जास्त ४० हजार आहे. कुणी केलंय का हे? दुसरं काही सुचत असेल तर तेही सांगा.

सांगलीकर_बापू
मी केलीय स्टेम सेल, गुडघ्यासाठी, एकदम फरक. रक्त काढतात, मशीनमध्ये फिरवतात आणि परत टोचतात. बिनधास्त करा ताई, पैशाकडे बघू नका.

डॉ_नाही_पण
बापू, तुम्ही सांगताय ते पीआरपी. त्यात प्लेटलेट्स असतात, स्टेम सेल नाही.

सांगलीकर_बापू
मला डॉक्टरांनी स्वतः स्टेम सेल सांगितलंय, पावती पण आहे.

अनघा_ठाणे
मृणालताई, माझ्या कानाच्या पाळीला टोचल्यावर सुपारीएवढी गाठ झाली होती, त्यामुळे हे काय असतं ते मला माहितीय. केनाकोर्टची, म्हणजे स्टिरॉइडची इंजेक्शनं, दर चार-सहा आठवड्यांनी, सोडायची नाहीत. दुखतं खूप, खोटं कशाला सांगू, पण गाठ बसते. अर्धवट सोडलं की परत वाढते. सरकारी रुग्णालयाच्या स्किन ओपीडीत फार स्वस्तात होतं.

न्यूजर्सीचा_नाना
इकडे मेहुण्याचं ऑपरेशन केलं आणि लगेच दुसऱ्या दिवशी रेडिएशन दिलं, परत आलंच नाही. ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांत रेडिएशन सुरू झालं पाहिजे. नुसतं कापून सोडलं की निम्म्याहून जास्त वेळा उलटतं, तुमच्या भाचीचं तेच झालं. खर्च बराच झाला पण इन्शुरन्स होता. बेस्ट सर्जनकडे जा, स्वस्तात बघू नका.

अनघा_ठाणे
नाना, २४ वर्षांच्या मुलीला छातीवर रेडिएशन? स्तन आणि थायरॉइड तिथेच जवळ असतात, डॉक्टर दहादा विचार करतात. कानाला दिलेलं वेगळं. आणि बजेट ४० हजार लिहिलंय वर.

स्किनग्लो_स्वाती
ताई अ‍ॅपल स्टेम सेलचं सीरम येतं, माझ्याकडे आहे, सगळे डाग जातात. इनबॉक्स करा.

डॉ_नाही_पण
सफरचंदाच्या पेशींचा अर्क म्हणजे एक सौंदर्यप्रसाधन. त्यात जिवंत पेशी नसतात आणि असत्या तरी झाडाची पेशी माणसाचा वण दुरुस्त करत नाही. कृपया इथे विकू नका.

आता मूळ प्रश्न. मी बायोटेकमध्ये काम करतो, डॉक्टर नाही. कल्पना अशी आहे की चरबीतल्या किंवा बोनमॅरोतल्या मेसेन्कायमल स्टेम सेल अशी रसायनं सोडतात की ज्यामुळे सूज कमी होते आणि कोलॅजन, म्हणजे वण ज्याचा बनतो ते प्रथिन, बेसुमार बनवणाऱ्या पेशी शांत होतात. लॅबमध्ये आणि प्राण्यांवर हे चांगलं दिसलंय, जळलेल्या वणांवर आणि खड्ड्यांच्या वणांवर माणसांतही थोडं काम झालंय. पण केलॉइड हा वेगळा आजार आहे, तो जखमेची हद्द ओलांडून पसरतो, आणि खुद्द केलॉइडच्या गाठीतच स्टेम सेलसारख्या पेशी सापडल्यात. तिथे बाहेरून आणखी पेशी टोचल्या तर काय होईल याची खात्री देण्याइतका पुरावा नाही. आयसीएमआरच्या (वैद्यकीय संशोधनाची केंद्र सरकारची संस्था) २०१७ च्या नियमांप्रमाणे रक्ताचे ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेल उपचार फक्त मान्यता घेतलेल्या ट्रायलमध्येच देता येतात, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. क्लिनिकला एकच विचारा, सीटीआरआयचा, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतला, रजिस्ट्रेशन नंबर काय?

पराग_वि
मग त्या सीरियन मुलाची ८० टक्के कातडी स्टेम सेलने नवीन बसवली ते खोटं का? २०१७ ला सगळीकडे बातमी होती, जर्मनीत झालं. आपल्याकडे नियम काढून सगळं अडवून ठेवायचं, एवढंच येतं.

डॉ_नाही_पण
खोटं कशाला असेल, मोठं काम आहे ते. पण त्याला जनुकीय आजार होता, अंगावर कातडी टिकतच नव्हती. त्याच्याच त्वचेच्या पेशी घेऊन जनुक दुरुस्त करून इटलीत थर वाढवले आणि उघड्या जखमेवर लावले. जुना फुगलेला वण बसवणं हे वेगळंच काम झालं.

होमिओ_प्रेमी
थायोसिनामिनम घ्या, साइड इफेक्ट नाही. अ‍ॅलोपॅथीवाले नुसते लुटतात.

पराग_वि
झालं, आता होमिओपॅथी.

शुभदा_ऐरोली
माझा मुलगा गरम पाण्याने भाजला होता, मान आणि हात. आम्ही इथल्या नॅशनल बर्न्स सेंटरला दाखवायचो. प्रेशर गारमेंट दिवसाचे २३ तास, सिलिकॉन शीट, मसाज. लेकरू रडायचं, उन्हाळ्यात तर बघवायचं नाही, पण हात आज पूर्ण सरळ होतो. कुणी झटपट म्हणालं की मला भीती वाटते. वण पिकायलाच वर्ष-दीड वर्ष लागतं. मात्र मुलाचा वण जखमेच्या आतच होता, केलॉइड नव्हता, त्यामुळे तेच तुम्हाला लागू पडेल असं नाही. आणि ताई, भाचीच्या पोटातून चरबी काढायला तिथेही चीर देणार ना? जिला पिंपलचा केलॉइड होतो तिच्या पोटावर नवीन होणार नाही कशावरून?

अनघा_ठाणे
शुभदाताईंना अनुमोदन. पोटाचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. इंजेक्शनच घ्या. हल्ली स्टिरॉइडमध्ये फाइव्ह एफयू (मूळचं कॅन्सरवरचं औषध) मिसळून देतात, एकट्या स्टिरॉइडपेक्षा बरं म्हणतात. पण गरोदरपणात ते चालत नाही, लग्नाचं डॉक्टरांना आधीच सांगा.

सांगलीकर_बापू
इंजेक्शनने कातडी पांढरी पडते, खड्डा पडतो, शेजारच्या मुलीचं बघितलंय मी. स्टेम सेलच करा.

मृणाल_चिंचवड
सगळ्यांचे मनापासून आभार. क्लिनिकला फोन करून नंबर विचारला. म्हणाले हे ट्रायल नाही, प्रोसिजर आहे, नंबर लागत नाही. लेखी द्या म्हटलं तर टाळाटाळ. तेव्हा ते रद्द. पोटाच्या चिरेचं भाचीला वाचून दाखवलं, तिने तिथल्या तिथेच नाही म्हटलं.

पण इंजेक्शनही आत्ता घेणार नाहीये ती. मागच्या वेळी घेतली तेव्हा पाळी पुढे-मागे झाली होती आणि खांद्याला पांढरा चट्टा राहिला, लग्नाच्या तोंडावर तिला ते नको आहे. सिलिकॉन शीट लावणार, खाजेसाठी डॉक्टर देतील ते औषध, आणि नवे पिंपल्स येऊ नयेत म्हणून त्याची ट्रीटमेंट, तेवढंच. बाकी लग्नानंतर.

न्यूजर्सीचा_नाना
सगळे एक सांगतायत आणि तुम्ही तिसरंच करताय. मग विचारलं कशाला? नुसत्या शीटने एवढा जुना केलॉइड जात नाही.

मृणाल_चिंचवड
जाणार नाही हे तिला माहिती आहे नाना. अंग तिचं आहे, दुखणंही तिचंच. मला १ लाख ८० हजार भरून नवा वण घ्यायचा नव्हता, ते वाचलं.

शुभदा_ऐरोली
नव्या पिंपल्सचं बघताय ते फार चांगलं केलंत. शीट दिवसाला किमान १२ तास तरी राहू द्या, रोज साबणाने धुवून सावलीत वाळवायची, तीच परत वापरता येते.

कोमल_डोंबिवली
मलापण छातीवरच आहे. घामाने शीट निघते का? खाली पुरळ येतं माझ्या.

शुभदा_ऐरोली
निघते. पुरळ आलं की दोन दिवस बंद ठेवा आणि मग थोड्या थोड्या तासांपासून परत सुरू करा. नाहीच जमलं तर ट्यूबमधली सिलिकॉन जेल घ्या, अगदी पातळ थर द्यायचा आणि पूर्ण सुकल्याशिवाय कपडा घालायचा नाही.